क्षेत्र किती?

नाशिकच्या कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच असतो, "क्षेत्र किती?" दिंडोरी-निफाडकडचे बागाईतदार "चार एकर थॉमसन द्राक्षं", "दोन एकर टोमॅटो" असं खणखणीत उत्तर देतात आणि दुकानदार मनातल्या मनात गोण्या मोजायला लागतो. माझा नंबर आल्यावर मीही तितक्याच ठसक्यात म्हणालो, "दोन बाय तीन."

"दोन बाय तीन काय?"

"फूट."

रांगेतले दोन बागाईतदार मागे वळून बघायला लागले. मी खुलासा केला की फ्लॅटमध्ये खिडकीशी एक टब आहे, त्यात माती नाही, नुसतं पाणी आहे, आणि पाण्यावर लेट्यूस आणि पालक आहे. दुकानदार सभ्य होता. त्याने एवढंच विचारलं, "मग ड्रिप आहे का?"

माझं क्षेत्र एकराचा बरोबर सात हजार दोनशे साठावा हिस्सा आहे. हे गणित मी नंतर घरी केलं. काउंटरवर केलं असतं तर जरा ऐट राहिली असती. मी शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मागितलं. तो म्हणाला, पंचवीस किलोची गोणी आहे. शंभर ग्रॅमचा आणि पंचवीस किलोचा मध्य काढू म्हटलं तर त्याची तयारी नव्हती. शिवाय किलोमागे हिशेब केला तर गोणीच स्वस्त पडत होती, आणि मराठी माणूस एकदा "किलोमागे" या शब्दावर आला की तो दुकानातून रिकाम्या हाताने निघत नाही.

आता मुळात कोरडे क्षार कशाला, हे सांगायला हवं. मातीविना शेती करणाऱ्या हौशी लोकांसाठी दोन बाटल्या मिळतात, 'ए' आणि 'बी'. सुंदर लेबल, त्यावर दव पडलेलं पान. आत काय असतं? हेच क्षार थोडेसे, आणि बाकी सगळं पाणी. म्हणजे कोणा दूरच्या गावच्या नळाचं पाणी कुरियरने मागवायचं, आणि तेही जिथे गंगापूर धरण हाकेच्या अंतरावर आहे तिथे! हे माझ्या बुद्धीला पटेना, खिशाला तर त्याहून पटेना. पाणी आपलं, क्षार तेवढे आणायचे, असं ठरवलं.

आणि क्षारांत गुपित असं काही नाहीच. 1860 च्या दशकात जर्मनीत साक्स आणि क्नोप या दोन शास्त्रज्ञांनी झाडं मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात वाढवून दाखवली. पुढे 1930 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिक यांनी पाण्यावर टोमॅटोचे पंचवीस फुटी वेल चढवले. विद्यापीठाने कृती मागितली, तर गेरिक म्हणे, हे काम मी माझ्या घरी, माझ्या वेळात केलंय. (घरातल्या माणसांचं याबद्दल काय मत होतं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.) मग विद्यापीठाने होगलंड आणि आर्नन या दोघांना कामाला लावलं. त्यांनी 1938 मध्ये पुस्तिका काढून सांगितलं की चांगल्या मातीपेक्षा यात काही जास्त पिकत नाही. हा निष्कर्ष आज कोणाला आठवत नाही. पण त्या पुस्तिकेतली कृती जगभर चालते: कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट. चारही मिळून लिटरला जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम. पालेभाजीला तर त्याच्या निम्म्यानेही भागतं.

हे चारही जिन्नस द्राक्षवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत, फक्त नावं वेगळी. आपण ज्याला पोटॅशियम नायट्रेट म्हणतो ते त्यांचं तेरा झिरो पंचेचाळीस. मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे झिरो बावन्न चौतीस. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांचे टक्के ओळीने म्हणायचे, की झालं नाव. त्यांतलं तेरा झिरो पंचेचाळीस म्हणजे जुना शोरा. एके काळी गडावरच्या दारूकोठारात ज्याचा पहारा असे, तो आता आमच्या किचन ट्रॉलीत, पोह्यांच्या खालच्या कप्प्यात आहे.

लिटरला एक ग्रॅम धरलं तर पंचवीस किलो कॅल्शियम नायट्रेटात पंचवीस हजार लिटर पाणी तयार होतं. सोसायटीत उन्हाळ्यात येतात तसे मोठे अडीच टँकर. माझा टब वीस लिटरचा. पंधरवड्याला पाणी बदललं तरी गोणी अठ्ठेचाळीस वर्षं पुरणार. घराचं कर्ज वीस वर्षांचं आहे. म्हणजे बँकेचा शेवटचा हप्ता फेडून आम्ही मोकळे होऊ तेव्हाही अठ्ठावीस वर्षांचं कॅल्शियम शिल्लक असेल. बायकोला हे मी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं.

पण खरी मौज सूक्ष्म अन्नद्रव्यांत आहे. झाडाला मोलिब्डेनम लागतं. किती? होगलंडच्या कृतीत लिटरला एक मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. ते ज्या क्षारातून मिळतं त्या सोडियम मोलिब्डेटच्या एका ग्रॅमात चाळीस हजार लिटर पाणी होतं, आणि माझ्या टबाला त्या क्षाराचं अर्धा मिलिग्रॅम पुरतं. अर्धा मिलिग्रॅम मोजायचा कशावर? सोनाराकडे असतो तसा काटा मागवला. खोकं उघडताना बायकोच्या चेहऱ्यावर लग्नानंतर क्वचित दिसलेलं तेज होतं. आतून नुसता काटाच निघाला. आणि त्या काट्यालाही अर्धा मिलिग्रॅम कळत नाही, ग्रॅमचा शंभरावा भाग आला की त्याचं ज्ञान संपतं. मग एक ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवायचा आणि त्यातलं अर्धा मिलिलिटर इंजेक्शनच्या सिरिंजने घ्यायचं. ती बाटली दोन हजार टबांना पुरेल. मृत्युपत्रात तिच्यासाठी वेगळं कलम करावं लागेल.

हे सगळे क्षार दिसायला पांढरे. कॅल्शियम नायट्रेटचे गोल दाणे साबुदाण्याच्या शेजारी ठेवले तर एकादशीला कोणाचं काय होईल सांगता येत नाही. बायकोने एका दुपारी सगळे डबे खाली काढून लेबलं लावली. तिला रासायनिक नावांत रस नव्हता. तिच्या दृष्टीने डब्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे महत्त्वाचं. त्यामुळे आमच्याकडे आता डबे असे आहेत: "साबुदाणा नाही", "साखर नाही", "मीठ नाही", "हे पण मीठ नाही". चिलेटेड लोहाची पूड पिवळट-तपकिरी असते. तिच्यावर "हिंग नाही". तरी हे डबे ओट्यापासून लांब, कुलपात गेले पाहिजेत असा तिचा आग्रह आहे, आणि तो बरोबरच आहे. सध्या फक्त कुलूप आणलंय.

कॅल्शियमचा डबा मात्र पावसाळ्यात कोणत्याच लेबलाला जुमानत नाही. हवेतली ओल पिऊन पिऊन जुलैत त्याची खीर होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब त्या खिरीत बराचसा विरघळतो.

'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या का, हेही मिसळायला बसल्यावर कळतं. कॅल्शियम आणि सल्फेट दाट द्रावणात एकत्र आले की जिप्सम होऊन तळाशी बसतं. फॉस्फेटशी गाठ पडली तरी तीच गत. झाडाच्या तोंडी काहीच लागत नाही. तेच भरपूर पाण्यात, एकामागून एक सोडले तर गुण्यागोविंदाने राहतात. एका घरात नको, एका गावात चालेल. आमच्या भावकीचं नेमकं असंच आहे, त्यामुळे हे रसायनशास्त्र मला पाठ करावं लागलं नाही.

पाण्याचीही एक कथा आहे. मध्यंतरी एक फिल्टरवाला येऊन आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवून गेला. "टीडीएस सहाशे! साहेब, तुम्ही हे पिता?" त्याचा आवाज इतका कापरा होता की आम्ही त्याच दिवशी आरओ बसवलं. आता त्यातून पन्नासचं पाणी येतं. ते मी टबात ओततो, क्षार घालतो आणि त्याच जातीच्या मीटरने आकडा साडेसातशेवर नेतो. बोअरचं पाणी सरळ ओतता येत नाही, कारण त्यात आधीच कॅल्शियम-मॅग्नेशियम मनाला येईल तेवढं असतं, कृतीचा हिशेबच लागत नाही. बायकोचं म्हणणं एवढंच की पैसे देऊन काढलेले क्षार पुन्हा पैसे देऊन घालणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

आईचा सहभाग वेगळा. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्ट. गरम पाण्यात ते टाकून पाय बुडवून बसायचं, असं तिला कट्ट्यावर कोणीतरी सांगितलं. डबा भराभर उतरायला लागला. मी मात्र पालकाची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी का पडतायत याचा अभ्यास करत बसलो. मॅग्नेशियमची कमतरता तिथेच आधी दिसते, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं.

"अरे, तू झाडांना घालतोस ते मला नको होय?" आई म्हणाली. "तुला मी वाढवलंय की त्या पालकाने?"

यावर होगलंडकडेही उत्तर नसणार. आता एप्सम सॉल्टचे दोन भाग केलेत.

आणि मग पिंपळगावचे मामा आले. पन्नास वर्षं द्राक्षात काढलेला माणूस. टबासमोर खुर्ची टाकून बसले. जांभळा दिवा, पांढरी मुळं, बुडबुडे सोडणारा पंप, सगळं नीट पाहिलं.

"काय देतो रं याला?"

मी ग्रॅममध्ये सांगितलं. त्यांनी हात उडवला. "एकोणीस एकोणीस सोड की. एकरी पाच किलो."

मी म्हणालो, मामा, त्या हिशेबाने माझ्या क्षेत्राला पाऊण ग्रॅमही येत नाही. शिवाय त्यात बराचसा नत्र युरियाचा असतो. मातीतले जीवाणू तो फोडून देतात, इथे माती कुठाय? आणि त्यात कॅल्शियम तर अजिबात नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे तुला शेती समजती. फकस्त शेत नाही."

जेवताना बायकोने टबातलं लेट्यूस वाढलं. खिडकीशी वाढलेलं, मिलिग्रॅमवर पोसलेलं, तेरा-चौदा मूलद्रव्यांनी परिपूर्ण. मामांनी दोन घास चावले, थांबले.

"अळणी हाये. मीठ दे जरा."

बायको उठली. ओट्यावरच्या बरणीवर तिने नव्याने चिठ्ठी चिकटवली होती: "हे मीठ आहे". ती तिने मामांपुढे ठेवली. मामांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, मग कप्प्यातल्या बाकीच्या डब्यांकडे पाहिलं आणि बरणी हलकेच मागे सारली.

"राहू दे," म्हणाले. "लोणचं आहे ना?"