मागाठाण्याच्या एजंटसाहेबांना अनावृत पत्र

माननीय एजंटसाहेब,



सत्ताविसाव्या मजल्यावरचा वन बीएचके पाहून आलो. हॉलच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाची हिरवाई दिसते. नशीब असेल तर बिबट्याही दिसेल, असं आपण म्हणालात. दिसला तर भाडं वाढेल, म्हणून मी तिकडे फार वेळ पाहिलंच नाही.

'मेट्रो पाच मिनिटांवर' हे आपलं वाक्य मात्र डोक्यात बसलं. मेट्रो ७ चं स्टेशन बेडरूममधून दिसतं, हे खरंच. घारीला पाच मिनिटंही लागायची नाहीत. अडचण लिफ्टने जाणाऱ्यांची आहे.

म्हणून परवा मुद्दाम सकाळी साडेआठला पुन्हा आलो. लिफ्ट चार. एक सामानाची, तीच कामवाल्या बायकांची (त्यांच्या हातच्या पोळ्या चालतात, शेजारी उभं राहणं चालत नाही, सोसायटीचा ठराव आहे म्हणे). एक दुरुस्तीला. उरलेल्या दोन वरूनच दप्तरं, डबे आणि एक लॅब्राडोर घेऊन भरून येतात. दार उघडतं, आतले सगळे सहानुभूतीने पाहतात, दार मिटतं. शेवटी शिरलोच, तर खाली पोडियम पार्किंगच्या प्रत्येक मजल्यावर थांबा. त्यापेक्षा विरारची स्लो लोकल बरी. पुढे गेट हायवेच्या उलट्या अंगाला, म्हणजे टॉवरला प्रदक्षिणा. मग सर्व्हिस रोड, पादचारी पूल, बॅग तपासणीची रांग.

मेट्रोबद्दल तक्रार नाही. जानेवारी २०२३ पासून ती गुंदवलीपर्यंत जाते, तिथून पूल ओलांडून मेट्रो १ धरली की घाटकोपर. पण तिच्या फलाटावर पोचण्याआधीच माझा अर्धा प्रवास उभ्या दिशेने झालेला असतो, आणि त्याचं वेळापत्रक कुणी छापत नाही.

पोडियमच्या लगेच वरचा फ्लॅट आहे का, असं विचारलं, तर 'तिथे व्ह्यू नाही' म्हणालात. व्ह्यू रविवारी बघतात, साहेब. सोमवार ते शनिवार जिना उतरता आला तरी पुरे.

आता कराराचं. 'अकरा महिन्यांचं करू, नोटरी बास,' असं आपण सुचवलंत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, महिने अकरा असोत की साठ. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. तेव्हा नोंदणी नकोच असेल, तर माझी हरकत नाही. मला आठवतं त्याप्रमाणे भाडं निम्मं ठरलं होतं आणि डिपॉझिटचा विषयच निघाला नव्हता.

एक महिन्याची दलाली मान्य. फक्त ती न्यायला सकाळी साडेआठला वर या, आणि माझ्याबरोबर फलाटापर्यंत चला. पाच मिनिटांत पोचलो, तर दोन महिन्यांची देईन.

आपला,
एक होतकरू भाडेकरू