जगात जर्मनी, आगटीवर परभणी

डिसेंबर १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एरहार्ट यांना टेक्सासात बोलावलं आणि शाही मेजवानी म्हणून निखाऱ्यांवर भाजलेलं मांस वाढलं. थंडी पडली, म्हणून पंगत शाळेच्या व्यायामशाळेत हलवली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे खरं धरलं, तर निम्मा मानपान तेव्हाच उरकला. उरलेला निम्मा परभणीतल्या आमच्या झरीच्या शिवारात पौषात होतो. त्याला हुरडा पार्टी म्हणतात.

फरक एवढाच, की थंडी पडली की आमचे नेते आत जात नाहीत, बाहेर येतात. आगटी पेटते, गोवऱ्यांच्या आरात गूळभेंडी ज्वारीची कणसं खुपसली जातात. एक जण चोळतो, दुसरा पाखडतो, साहेब खातात. सोबत दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि 'इथं राजकारण नाही बरं का' हे वाक्य. ते कानी पडलं की शहाण्यानं ओळखावं, कुणाचं तरी तिकीट भाजलं जातंय.

हुरड्याचं शास्त्र सोपं आहे. दाणा दुधात असला तर चिकट, पिकला तर कडक; मधल्या मोजक्या दिवसांत खाऊन घ्यायचं. हे पुढाऱ्यांना शिकवावं लागत नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, ज्वारीचे गोडवे गायले गेले. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तसाच आहे : कणीस कोवळं असताना बांधावर एवढ्या गाड्या लागतात साहेब, दाणा वाळवून मोंढ्यात नेतो, तेव्हा कुठं असता?