सही राणीची, मर्जी पंतप्रधानांची

ब्रिटनचा राजा राज्य करत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग त्याच्या नावावरचे अधिकार वापरतो कोण, हे कुणी विचारत नाही. संसदेचं अधिवेशन संपवणं, सैन्य लढाईवर धाडणं, परदेशांशी करार करणं हे कागदोपत्री आजही राजाचंच काम. निर्णय पंतप्रधानांचा.

२८ ऑगस्ट २०१९. स्कॉटलंडमध्ये बाल्मोरल इथे तेव्हाच्या राणी एलिझाबेथपुढे प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे, तीन सदस्य उभे राहिले. तिघंही पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सरकारचेच. या बैठकीत बसायची पद्धत नाही. हुकूम वाचायचा, राणीने ‘मंजूर’ म्हणायचं, झालं. ब्रेक्झिटची मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती आणि अशा ऐन मोक्याला संसद पाच आठवडे बंद ठेवायची परवानगी जॉन्सन यांना मिळाली. राणीने नकार द्यायला हवा होता? मुळीच नाही. निवडून न आलेल्या व्यक्तीने निवडून आलेल्या सरकारचा सल्ला मानायचा, यावरच हा डोलारा उभा आहे. राणीने रीत पाळली. पण सल्लाच बेकायदा असेल तर काय, याचं उत्तर रीतीत नव्हतं.

ते न्यायालयाने दिलं. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयात खटला ऐकणाऱ्या अकराही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं: सल्ला बेकायदा, हुकूम रद्दबातल, संसद स्थगित झालेलीच नाही. दुसऱ्याच दिवशी खासदार सभागृहात हजर झाले.

हा प्रकार एकट्या जॉन्सन यांचा नाही. १९९९ मध्ये टॅम डॅलियेल या मजूर पक्षाच्या खासदाराने विधेयक आणलं: इराकवर लष्करी कारवाई करायची तर आधी संसदेला विचारा. विषय राजाच्या अधिकारातला, म्हणून राणीची संमती हवी. ब्लेअर सरकारच्या सल्ल्यावरून ती नाकारली गेली. विधेयक तिथेच बारगळलं. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी सीरियावर हवाई हल्ले केले तेही संसदेचं मत न घेता. आणि २०२२ मध्ये संसद बरखास्त करण्याचा अधिकार कायद्याने पुन्हा राजाकडे गेला. त्याच कायद्यात कलम घातलं, की या अधिकाराच्या वापराबद्दल न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही. जॉन्सन सरकारने न्यायालयाकडून घेतलेला धडा तो हा!

आपण ब्रिटनकडून हीच व्यवस्था घेतली, राजाच्या जागी राष्ट्रपती बसवून. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. पण आपण त्यातून शिकलो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बजावलं, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये, हे तर राज्यघटनेत सुरुवातीपासूनच लिहिलेलं आहे.

राजा ठेवायचा की घालवायचा, हे ब्रिटिश जनता ठरवील. त्याच्या नावावर पंतप्रधान जे जे करतात, ते मात्र संसदेने कायद्यात बांधलं पाहिजे आणि न्यायालयाचं दार उघडं ठेवलं पाहिजे. पंतप्रधान सभ्य असतील या भरवशावर कोणत्याही देशाने संसद सोपवू नये.