अर्धलीची आत्या

आमच्या कराडकडच्या वाडीत आत्या नेमकी कुणाची, हे कुणालाच धड सांगता येत नाही. आजे आणि नातवंडं दोघंही तिला आत्याच म्हणतात. तिच्या घरात एकवेळ मीठ नसेल, पण खुडूक कोंबडी बारमाही असते. धंदा एका वाक्याचा : "अंडी तुजी, कोंबडी माजी, पिल्लं अर्धी."

आता ती कोंबडी तरी आत्याची का, हा प्रश्न विचारू नये. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून झाली की अंडी बंद करते, अंग फुगवून कोपऱ्यात बसते आणि हात लावला की टोचते. बाकीच्या बाया वैतागतात. ती लवकर अंड्यावर यावी म्हणून तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात, डालग्याखाली कोंडतात. हे दिसलं की आत्या कळवळते. "आगं, मुक्या जिवाला जाच करू नगं. चार दिस ऱ्हाऊ दे माज्याकडं." त्या चार दिवसांचा पाचवा दिवस उजाडलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

अंडी घेऊन गेलात की आधी तपासणी. किती दिवसांची? आठवड्यावरची असतील तर परत. कानाशी धरून हलवायचं. आत डचमळलं तर तेही परत. एकदा पुण्याहून आलेली एक सूनबाई दुकानातनं डझनभर पांढरीशुभ्र अंडी घेऊन आली. आत्यानं एक उचलून उन्हाकडं धरलं आणि विचारलं, "ह्यास्नी बाप हाय का?" बाई लाजून परत गेल्या. पोल्ट्रीत कोंबडा ठेवत नाहीत, हे आत्याला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही.

मग विधी. पाटीत राख, त्यावर भुसकट, उवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला. विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडाचा खिळा, कोळसा, सुकी मिरची. आधी दोन रात्री नुसता गोल गोटा ठेवून कोंबडीची परीक्षा. त्यावर इमानानं बसली तरच अंडी, तीही रात्रीच, अंधारात. आणि अंडी नऊ नाहीतर अकरा. जोड चालत नाही. हा देवाधर्माचा नियम वाटतो. वाटणीच्या दिवशी त्यातलं अर्थशास्त्र कळतं.

सातव्या रात्री दार लावून बॅटरीवर अंडी बघतात. लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. काहीच दिसलं नाही तर आत्या "वांझ" म्हणते आणि अंडं बाजूला ठेवते. निदान खरं असतं, हे मान्य करायला हवं. फक्त दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरातनं अंड्याच्या पोळीचा वास येतो.

शेतकी कॉलेजातल्या एका पोरानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून यंत्र बनवलं. साडेसदतीस अंश उष्णता, ओलाव्याला पाण्याची वाटी, दिवसातनं चार वेळा अंडी फिरवायची. आत्यानं आत डोकावून एवढंच विचारलं, "लाईट गेल्यावर अंड्यांवर कोण बसायचं, तू?" त्याच आठवड्यात रात्रीची लाईट गेली आणि पोरगं कोमट अंडी टॉवेलात गुंडाळून तिच्या दारात उभं राहिलं. यंत्रातली अंडी म्हणून सवलत मिळाली नाही. अर्धलीच.

एकविसाव्या दिवशी कवचं फुटतात. नऊ निघाली तर चार तुमची, चार आत्याची, उरलेलं एक कोंबडीच्या मालकिणीचं. आठच निघाली तर आत्याचा गळा दाटतो. "तीन आठवडं दिसातनं एकडाव उठून चार दाणं खाल्लं तिनं. तिला एक नगं?" कोंबडीचं एक म्हणजे कुणाचं, हे एव्हाना कळलं असेल.

पण पिल्लं लगेच मिळत नाहीत. दीड-दोन महिने ती आईच्या पंखाखाली, म्हणजे आत्याच्या अंगणात. तिथं वर घार आणि कुंपणाला मुंगूस. आत्या आपल्या पिल्लांच्या पाठीवर कुंकू लावते. घार रंगाला भिते म्हणे. तुमची लावायची राहून जातात. "आज तुजं एक गेलं गं," ती अत्यंत दुःखानं सांगत येते. चारातली तीन अशी गेली तेव्हा माझी आई दाराशी जाऊन बरंच काही बोलली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला, आणि म्हणाली, "खरं हाय तुजं. फुडच्या खेपेला तेरा घालू. घारीचं धरून."