साठ किलोमीटर आणि एक परंतुक

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर एक टोलनाका सोमाटण्याला आहे, दुसरा लोणावळ्याच्या अलीकडे वरसोलीला. दोहोंमधले अंतर साठ किलोमीटरच्या जवळपासही जात नाही, आणि मावळातला वाद इथूनच पेटतो. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, 2008 मधला आठवा नियम एकाच दिशेच्या दोन नाक्यांत साठ किलोमीटर सोडायला सांगतो. त्याच नियमाला परंतुकाचे शेपूट आहे: लेखी कारणे नोंदवली की कमी अंतरही चालते. नाका हटवा म्हणणारा पूर्णविरामापाशी थांबतो. राहू द्या म्हणणारा परंतुकापासून वाचायला घेतो. दोघांचेही वाचन बिनचूक, फक्त अर्धे.

22 मार्च 2022 रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी लोकसभेत सांगितले, की साठ किलोमीटरांच्या आतले जादा नाके तीन महिन्यांत बंद होतील. महिने कोणत्या पंचांगाचे, ते सांगायचे राहून गेले.

रस्त्याला पैसा लागतो आणि तो वापरणाऱ्याने द्यावा, ही एक बाजू अगदीच पोकळ नाही. तळेगावातून रोज पिंपरीला कामावर जाणाऱ्याने तो किती वर्षे द्यायचा, ही दुसरी. खरी पंचाईत तटस्थाची. दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात म्हणून तो काच खाली घेतो, तोवर फास्टॅग वाचला जातो, खिशातला मोबाइल पैसे कापल्याचे कळवतो आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही.