सोवळ्यातले नाना

असा एक नाना पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतो. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला आणि दुरुस्तीला पैसे मोजणं म्हणजे कुळाला बट्टा, असं मानणारा. आमचे नाना दारात आले की 'कसं काय?' विचारत नाहीत, 'काय बिघडलंय?' विचारतात. मिक्सर, इस्त्री, कुकरची शिट्टी, कशालाच त्यांची ना नसते. आमच्या हॉलमधला पंखा त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो छान फिरतो. फक्त बटण कुठेही फिरवा, पाचावरच फिरतो. विजेच्या कामात मेन स्विच बंद करणं हा त्यांना पळपुटेपणा वाटतो. त्यांच्या पत्नी माईंनी या विषयावर बोलणं कधीच सोडून दिलंय.

हाच माणूस गॅसपुढे मात्र एकदम सोवळ्यात जातो.

डिसेंबरातल्या एका सकाळी आमचा गॅस गीझर पेटेना. नळ सोडला तरी नेहमीची टकटकसुद्धा नाही. नानांना हाक मारली. आल्या आल्या ओरडले, "कुणी बटणाला हात लावायचा नाही! लागलेला दिवा लागलेलाच राहू दे." मग सत्तरीचा हा गृहस्थ ड्राय बाल्कनीत गुडघे टेकून फरशी हुंगू लागला. "एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो," ओणव्यानेच त्यांनी सांगितलं. तेवढ्यात मेहुण्याने सुचवलं, "काडी ओढून बघू का, कुठे गळतंय ते?"

नाना सावकाश उठले. "काडीने गळती सापडते रे. शोधणाराही सापडतो, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात."

वास नव्हता. तरी रेग्युलेटर बंद झाला, सिलिंडरवरून उतरला, वर टोपण बसलं. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. थंडी येते म्हणून काचा लावून फटींवर मी चिकटपट्टी मारली होती. ती त्यांनी एका दमात टर्रकन ओढली. "गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. बंद जागेत गीझर जळताना कार्बन मोनॉक्साईड झाला तर त्याला ना वास ना रंग. माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही." हे सांगताना आवाज अजिबात चढला नव्हता. म्हणूनच असेल, मी चिकटपट्टीचा गोळा करून खिशात टाकला.

बर्नर थंड असल्याची खात्री करून जुन्या टूथब्रशने त्यांनी वरवरची जळमटं काढली. मागे एका मेकॅनिकने जेटला 'पिन मारून' दिली होती, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "पितळेचं भोक ते! पिनेने मोठं झालं की गॅस जास्त, हवा कमी. मग ज्योत पिवळी आणि काजळी." व्हॉल्व्ह मात्र त्यांनी उघडला नाही. "हे माझं काम नाही," म्हणाले. हे वाक्य नानांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

रेग्युलेटर परत बसवून त्यांनी पिशवीतून दाढीचा ब्रश काढला, वाटीत साबणाचा फेस केला आणि एकेका जोडाला असा फासला की नळीची मुंजच आहे. चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, बुडबुडा फुगतो का बघत बसले. एकही फुगला नाही.

पाऊण तास झाल्यावर त्यांनी गीझरखालची डबी उघडली. आतल्या दोन सेलांपैकी एकाला पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं.

"सेल मेलेत."

"मग हे आधीच बघता आलं असतं ना, नाना?"

"आलं असतं. पण मग खिडकी कोण उघडणार होतं?"

नवे सेल घातले तरी गीझर पेटवायची परवानगी मिळाली नाही. फेस पुसताना नळीवर छापलेलं वर्ष दिसलं होतं. पाच वर्षांनी बदलायची नळी आम्ही आठ वर्षं वापरत होतो. त्या दिवशी पाणी पातेल्यात तापलं. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस नवी नळी घेऊन आला, आणि शेजारी उभ्या नानांनी त्याच्याकडूनही फेस लावून घेतला. जाताना फ्रिजवर खडूने १९०६ लिहून गेले. गॅस गळतीसाठी हा नंबर चोवीस तास चालू असतो.

जुनी नळी त्यांनी सोबत नेली. कुंड्यांना पाणी घालायला होईल म्हणाले. नळी दीड मीटरची आहे, तेवढ्यात त्यांच्या दोनच कुंड्या येतात.