हातचा कुठे गेला?

लातूर-नांदेडकडं बारावीला बायफोकल का घेतलं म्हणून विचारा. उत्तर तयार असतं : दोनशे मार्कांचा विषय, शिवाय प्रॅक्टिकलचे मार्क हातात. बायफोकलमधल्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात या पोरांना 8085 भेटतो, इंटेलचा 1976 चा मायक्रोप्रोसेसर. त्याच्या असेंब्ली भाषेतले ठरलेले प्रोग्राम पाठ होतात, पेपरात उतरतात आणि नीट-जेईईच्या धांदलीत पुसले जातात.

मला याची चीड येते. दप्तरातला कॅल्क्युलेटर आणि हा 8085 एकाच घराण्यातले, हे पोरांना कुणी सांगतच नाही. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर, 1971 चा 4004, बनला तोच मुळी बिझीकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी.

शिकायचंच तर 38 आणि 45 च्या बेरजेपासून शिका. लॅबमधल्या किटवर, किट नसेल तर जीएनयूसिम8085 या फुकट सिम्युलेटरवर. मेमरीत सात बाइट भरायचे : 3ई, 38, 06, 45, 80, 27, 76. पहिल्या चारांनी दोन्ही आकडे आत येतात, 80 म्हणजे बेरीज, 76 म्हणजे थांब. पहिल्या खेपेला 27 च्या जागी 00 भरा, म्हणजे तिथं काहीच होणार नाही. उत्तर येतं 7डी.

चौथीतलं लेकरूसुद्धा 83 सांगेल. आठ न् पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक. यंत्राचा हातचा मात्र दहाला पडत नाही, सोळाला पडतो. म्हणून तेरा तिथंच 'डी' होऊन बसले. आता 00 काढून 27 भरा. ही डीएए सूचना. उजवा अंक नवाच्या पुढं गेलेला दिसला की ती त्यात सहा मिळवते, हातचा डावीकडं सरकतो आणि 83 येतात. दशमान अंकांत हिशेब करणाऱ्या कॅल्क्युलेटरला हेच लागतं. आणि आपल्याकडं डीएए म्हणजे दोन मार्कांची व्याख्या!

हेच सात बाइट झेड80 प्रोसेसरलाही जसेच्या तसे कळतात. 1996 साली आलेल्या टीआय-83 कॅल्क्युलेटरमध्ये तोच झेड80 होता, आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं त्यावर असेंब्लीत गेम लिहीत होती. आपल्या पोरांच्या दप्तरातल्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये असं काही भरता येत नाही, पण त्यानं अडत नाही. त्या अमेरिकी पोरांना लागणारे कितीतरी ओपकोड, म्हणजे 80 किंवा 27 सारखे सूचनांचे आकडे, आपल्या बारावीच्या पुस्तकात छापलेले आहेत.

मास्तरांना एकच विनंती. पहिल्या प्रॅक्टिकलला व्याख्या लिहून देऊ नका, ही बेरीज करायला लावा. मग 99 मध्ये 01 मिळवायला सांगा. उत्तर 00 दिसेल. हातचा गेलेला असतो प्रोसेसरमधल्या कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटमध्ये. तो हुडकायला पोरांना तासभर द्या, आणि तोवर गप्प बसा.